साडेसहा गुण

चाळीस वर्षं मी डोंबिवलीच्या शाळेत मराठी शिकवलं आणि निबंधाला दहापैकी सातच्या वर कधी कुणाला दिले नाहीत. सात मिळालेली मुलं आजही भर बाजारात पाया पडतात. साडेसहा म्हणजे तर फर्स्ट क्लास! आमच्या काळी तेवढ्यावर पेढे वाटायचे.

त्यामुळे आमच्या संकुलात एका कंपनीने ॲप आणलं आणि कामाला येणाऱ्या बायकांना गुण द्या म्हणून फोनवर टुणटुण लावली, तेव्हा माझ्या पोळ्यावालीला मी साडेसहा दिले. मन मोठं करून दिले बरं का! पोळ्या तिच्या झकास, पण कडा कधीकधी जाड राहतात. पैकीच्या पैकी दिल्यावर माणूस सुधारणार कधी?

दोन दिवसांनी सकाळी गेटवरून तिचा फोन. ती खडवलीहून येते आणि आमच्याच संकुलातली चार घरं करते.

"बाई, वॉचमन आत सोडत नाही. माझ्या नावापुढे तांबडं आलंय म्हणे. कुणीतरी कमी गुण दिलेत. चारही कामं गेली ना माझी! मुडदा बसवला त्या देणारीचा!"

"हो ना गं, कोण मेली असेल!" मी म्हटलं.

फोन ठेवला आणि स्वतःचीच लाज वाटली. बाकीच्या तीन घरांत विचारलं, तर त्यांनी गुण दिलेच नव्हते, म्हणजे सगळी करणी माझीच. कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, सातच्या खाली सिस्टीम रेड दाखवते. दिलेलं रेटिंग चेंज नाही होत."

"अगं, पण साडेसहा म्हणजे फर्स्ट क्लास!"

"तुमच्याकडे असेल, मॅडम."

माझा एक जुना विद्यार्थी ठाण्याला कोर्टात वकिली करतो. त्याला फोनवर सगळं सांगितलं, तिच्यासमोर माझं नाव काढू नकोस असं बजावलं आणि तिला घेऊन गेले.

"बाई, तुम्ही मला चार दिले होते," हे पहिलं वाक्य. मग कामाचं बोलला. असल्या गुणांवरून कुणाची रोजी तोडू नका, असं कंपन्यांना सरळ बजावणारा कायदा आपल्याकडे अजून नाही. आपल्याबद्दलची चुकीची माहिती दुरुस्त करून मागायचा हक्क देणारा एक झालाय, पण तो पुरता लागू व्हायचाय.

"मग रे?"

"मग काय, दणकून पत्र लिहायचं. कंपनीलाही कुठे सगळं पाठ असतं!"

पत्र टाइप झालं, आणि गाढवाने ते मोठ्याने वाचलं. "मी, खाली सही करणारी, हिला साडेसहा गुण देणारी..." शाळेत उभं केलं तर तोंडातून शब्द फुटायचा नाही मेल्याच्या!

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे. दोघींनी सह्या केल्या आणि परतीच्या लोकलमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली.

आठवडाभर मी ब्रेड खाल्ला. तिच्या घरी काय शिजत होतं, ते विचारायचं मला धाडस झालं नाही. नवव्या दिवशी बेल वाजली. तांबडं गेलं होतं. तिने पदर खोचला, कणीक मळली, तवा ठेवला, सगळं मुक्याने. शेवटी मलाच राहवलं नाही.

"बोल की काहीतरी. चुकलंच माझं. दहापैकी किती देतेस मला?"

"साडेतीन."

"साडेतीन?"

"माझ्यासाठी ठाण्याला गेलात म्हणून. नाहीतर शून्यच होता." तिने पोळी उलटली. "काठावर पास आहात, बाई."

पोळी ताटात पडली. कड जाड होती. मी गुपचूप खाल्ली.