भटक्याचं कार्ड

हे मी इतकी वर्षं सांगायचं टाळलं, कारण माझ्याविषयी घरात सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट मीच पढवलेली होती.

ती सुरू झाली नाशिकच्या बसस्टँडवर. मी कतारला नोकरीसाठी निघालो होतो; माझी बॅग मुंबईच्या गाडीत चढवून धाकटा भाऊ विनू खाली उभा होता. खिडकीतून मी त्याला म्हणालो, "तुमच्यासाठीच जातोय रे. आईनानांना सांभाळ." नाना, आमचे वडील, रुमालाने डोळे टिपत म्हणाले, "थोरल्याने घरासाठी वनवास पत्करला." मी मान खाली घातली. खरं तर सातपूरच्या कारखान्यात माझी चांगली नोकरी होती, घर नीट चाललं होतं. विनूला बडोद्याहून नोकरीचं बोलावणं आलंय, हेही मला ठाऊक होतं. मी आधी निघालो, म्हणून तो राहिला.

कतारच्या त्या वर्षांत वनवास हा शब्द मला फार उपयोगी पडला. सुट्टीवर घरी गेलो की खजूर आणि अत्तरं काढता काढता मी तिथल्या उन्हाची वर्णनं करायचो. आईच्या आजारपणात थकलेला विनू एकदा म्हणाला, "अण्णा, यंदा महिनाभर जास्त राहतोस? मी जरा कुठेतरी जाऊन येतो." मी म्हणालो, "तू घरचं गरम जेवतोस, मी तिथे वाळू खातो. तुला काय कळणार?" तो उठला आणि आईसाठी पाणी तापवायला गेला. पुन्हा त्याने कधी विचारलं नाही.

पुढे दोह्यात फुटबॉल वर्ल्डकपची तयारी सुरू झाली. जिकडे पाहावं तिकडे क्रेन. मी मेट्रोच्या बोगद्यांच्या सर्व्हेवर होतो, पन्नाशी ओलांडलेला. एचआरने एक ट्रेनिंग ठेवलं: माणसांच्या स्वभावाचे मूळ साचे ओळखायचे. टेबलावर चित्रांची कार्डं होती. राजा, योद्धा, विदूषक, पालनकर्ता, भटक्या. आपलं कार्ड आपण उचलायचं, मग टीमने आपल्यासाठी एक निवडायचं. मी बेधडक पालनकर्ता उचलला. टीमने माझ्यापुढे भटक्या सरकवला.

"अरे, मैं तो फॅमिली के लिए आया इधर!" मी म्हणालो.

माझा केरळी फोरमन जोसेफ हसला. "सर, छुट्टी में एक हफ्ता नहीं होता, आपका फोन आता है. जोसेफ, टनल किधर पहुँचा? आपका बॉडी नाशिक में, बूट इधर."

सगळे हसले, मीही हसलो. नवल म्हणजे मला आधी हलकं वाटलं. नकाशावर नसलेल्या जागी पहिलं पाऊल टाकायला मला आवडतं, एवढीच साधी गोष्ट होती. पण आमच्या घरात 'मला जावंसं वाटतं' हे कारण चालत नसे. त्याग चालायचा. म्हणून मी त्याग सांगितला, आणि तो खरा ठरवण्यासाठी विनूला सुखी ठरवून टाकलं.

आईनाना गेले, मेट्रो सुरू झाली, आणि वर्ल्डकपच्या आधी मी विनूला बोलावून घेतलं. अल सद्दच्या माझ्या फ्लॅटमध्ये तो टेकलाही नाही. "यल्ला, अण्णा!" 'चल' म्हणायचा हा अरबी शब्द तो दोन दिवसांत शिकला होता. मेट्रोच्या गाडीला ड्रायव्हर नाही म्हटल्यावर साठीचा विनू पुढच्या काचेला नाक लावून उभा राहिला. "पुढे काय आहे? शेवटपर्यंत जाऊ या?" शेवटचं स्टेशन आलं तर म्हणाला, "आता दुसरी लाइन."

मी त्याच्या पाठीकडे बघत होतो. घर सांभाळणारा म्हणून आम्ही त्याला नावाजत आलो, पण त्याचंही कार्ड भटक्याचंच होतं. मला सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "कडक चहा घेऊ या का?"

आता घर म्हणजे मला विनूशेजारची जागा वाटते, मग ती नाशिकला असो की चालत्या गाडीत. या थंडीत तो पुन्हा येतोय, आणि इथून पुढे कुठे जायचं ते तोच ठरवणार आहे. निघण्याआधी त्याने हे वाचावं. विनू, मी तुमच्यासाठी गेलो नव्हतो रे. मला जायचं होतं. तुलाही जायचं होतं, आणि ते मला माहीत होतं. मला माफ कर.