खोडरबराचा झिजलेला कोपरा

फोन वाजला तेव्हा मी मोजणीच्या यंत्राच्या भिंगाला डोळा लावून उभी होते. रीडिंग अर्धवट सोडून फोन घ्यायचा नाही, ही मामांचीच शिस्त. म्हणून तो वाजू दिला, आकडे लिहिले आणि मग पाहिलं तर मामीचा फोन. "अगं, मामा गेले... सकाळी चहा घेताना." मामांच्या जाण्याची बातमीही मी मामांच्या नियमानेच उशिरा ऐकली. त्यांना ते आवडलं असतं, असं आता दीड महिन्याने म्हणवतं. तेव्हा मात्र तिथेच मातीत बसून रडले.

वसंतमामा आईचे चुलतभाऊ. जन्मभर भूकरमापक, म्हणजे शेतांच्या हद्दी मोजून देणारे. आमचं गाव लोणी काळभोरच्याही पुढे, आडबाजूला. मी बारावीत असताना ते आमच्याकडे जेवायला आले होते. विहीर किती लांब आहे, असं त्यांनी सहज विचारलं आणि मी म्हणाले, "दोनशे चौदा पावलं." मला पावलं मोजायची खोडच होती, घरात त्याची थट्टा व्हायची. मामा हात धुऊन उठले, भर उन्हात विहिरीपर्यंत पावलं मोजत जाऊन आले आणि माझ्या वडिलांना, दादांना, म्हणाले, "हिला सर्वेक्षण शिकू द्या." दादा म्हणाले, "पोरगी हाय ती. उन्हातान्हात मोजणीची साखळी वढत हिंडणार व्हय?" मामांनी विचारलं, "विहिरीवरून पाणी आणते तेव्हा ऊन नसतं का?" शेवटी दादा कबूल झाले, पण एका अटीवर... एकदा जरी नापास झाले तरी शिक्षण बंद.

मी मामांच्या धायरीच्या घरी राहून कर्वेनगरच्या कॉलेजात जाऊ लागले. पहिल्याच वर्षी होकायंत्र आणि साखळी घेऊन मैदानाची फेरी मोजायची होती. निघालो तिथेच परत आलं की आकडे जुळायला हवेत. माझे हातभर चुकत होते. वही दुसऱ्या दिवशी द्यायची होती. मी दोन आकडे खोडरबराने पुसले, नवे लिहिले. सगळं तंतोतंत जुळलं. मामांनी वही उजेडाकडे तिरकी धरली. "एका बोटाचाही फरक नाही? मला आख्ख्या नोकरीत हे जमलं नाही. सत्कार करायला हवा आपला." ते मला 'आपण' म्हणाले की समजायचं, पारा चढलाय. "चुकलेला आकडा पुसायचा नसतो. त्यावर एक रेघ मारायची, वर बरोबर लिहायचा. खालचा वाचता आला पाहिजे. उद्या अशाच आकड्यावर कुणाचा तरी बांध सरकेल." खोडरबर त्यांनी खिशात घातलं. "उद्या सरांना सांगून या."

मला त्यांचा भयंकर राग आला. सांगितलं तर नापास, नापास झाले तर गाव. बसमध्ये दहादा विचार बदलला... पण सांगितलं. सरांनी वहीतले पुसलेले आकडे पाहिले. मग म्हणाले, "रविवारी पुन्हा मोज. तेव्हाही चुकलीस तर मात्र नापास." रविवारी खुणेची काठी धरायला मामा स्वतः आले. दोन फेऱ्या चुकल्या. तिसरीच्या सुरुवातीला माझ्या लक्षात आलं, मी होकायंत्र मैदानाच्या लोखंडी फाटकाला खेटून लावत होते आणि सुई फाटकाकडे ओढली जात होती. मामांना ते आल्याबरोबर दिसलं होतं, तरी ते उन्हात मुकाट उभे राहिले. शोधायचं मलाच होतं. तिसऱ्या फेरीत चार बोटांचा फरक आला. मी तो आहे तसा लिहिला आणि पास झाले. आता गावात बांधावरून कुरबुर निघाली की दादाच म्हणतात, "आमच्या पोरीला इचारा."

गेल्या आठवड्यात मामीने मला मामांची कंपासपेटी दिली. आत माझं ते खोडरबर होतं. बॉलपेनने लिहिलेलं माझं नाव अजून तसंच, आणि एकच कोपरा झिजलेला, दोन आकड्यांपुरता. इतकी वर्षं त्यांनी ते जपून ठेवलं होतं, आणि मला कधी बोलून दाखवलं नाही.

हा लेख मी वहीत लिहिते आहे. पहिल्या पानावर सवयीने लिहून गेले, 'मामा धायरीला असतात.' खोडरबर शेजारीच पडलं होतं. मी त्या वाक्यावर एक रेघ मारली. खालचं नीट वाचता येतंय.