वॉशरकाकांच्या विमानाचा ठसका

जगातल्या निम्म्याअधिक दुःखांवर एक रबरी वॉशर हा उपाय आहे असं ज्याचं प्रामाणिक मत आहे, त्याला लोक वॉशरकाका म्हणणार नाहीत तर काय म्हणतील? काका धंद्याने प्लंबर. कुणाच्या घरी गेले की आधी यजमानाकडे बघत नाहीत, बेसिनखाली बघतात. एकदा एका मयताच्या घरी भिंतीला कान लावून बराच वेळ उभे होते. लोकांना वाटलं, काकांना फार लागलं. काका भिंतीतल्या पाइपाचा आवाज ऐकत होते.

असा माणूस विमान बांधायला घेतो तेव्हा दोष बायकोचा असतो. काकू शहराच्या बसवर ड्रायव्हर. सुट्ट्या जमवून त्या फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकल्या, लायसन्स काढलं आणि एकदा जेवताना म्हणाल्या, "अहो, क्लबाचं विमान भाड्याने घेणं म्हणजे शेजारणीच्या स्वयंपाकघरात जाऊन स्वयंपाक करणं. मीठ कुठे ते विचारत बसायचं."

दुसऱ्या दिवशी काकांनी घरामागच्या शेडमधल्या जुन्या बाथटबांना बाहेरचा रस्ता दाखवला.

मागवलेल्या विमानाचा सांगाडा, पंख, इंजिन सगळं सुट्या भागांत आलं. पेट्रोलच्या टाक्या आणि नळ्या मात्र ज्याच्या त्याने आपल्या सोयीने आखायच्या होत्या. हे कळल्यावर काकांचा चेहरा असा फुलला, की लग्नाच्या फोटोतसुद्धा तो इतका फुललेला नाही. काकूंनी लग्नाचा फोटो कपाटातून काढून खात्री करून घेतली.

"अगं, हे तर आपलंच काम!" काका म्हणाले. "दोन पंखांत दोन टाक्या, इंजिन खाली. म्हणजे गच्चीवर टाकी आणि खाली नळ. पंपाची भानगडच नाही. पेट्रोल आपल्या पायांनी उतरेल."

आणि काकांनी जीव ओतून काम केलं. नळीला कुठे झोळ पडू दिला नाही, कारण झोळात पाणी साठतं. कुठे कुबड येऊ दिलं नाही, कारण कुबडात हवा अडकते. सगळ्यात खाली पाणी काढायला तोटी बसवली. पेट्रोल उतरलं की त्याच्या जागी हवा आत यायला हवी, म्हणून प्रत्येक टाकीतून एक बारीक नळी पंखावर काढली आणि तिचं तोंड छानपैकी मागे आणि खाली वळवलं. पाऊस आणि पाखरं आत जाऊ नयेत म्हणून गावभरच्या टाक्यांवर त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं.

सासूबाई त्यांच्याकडेच राहत. शेडमध्ये खुर्ची टाकून त्या मटार सोलत आणि देखरेख करत.

"जावईबापू, घरात गळलं तर तुम्ही खाली बादली ठेवता. वर गळलं तर कुठे ठेवणार?"

"गळणार नाही, आई."

"आमच्या मोरीच्या वेळीही असंच म्हणाला होतात."

काकांनी मोरीचा विषय टाळला आणि विमानाचं नाक ठोकळ्यांवर चढवलं. वर चढणाऱ्या विमानाची मान जेवढी उंचावते तेवढी उंचावून, इंजिनापाशी नळी सोडवून, धार डब्यात धरली. इंजिनाला लागतं त्याच्या दीडपट पेट्रोल उतरत होतं. सासूबाईंनी चष्मा पुसून धार बघितली आणि मटार सोलू लागल्या. त्यांच्याकडून याहून मोठं सर्टिफिकेट आजवर कुणाला मिळालेलं नाही.

विमान क्लबाच्या मैदानावर नेलं. काकू आत बसल्या. आधी हळू, मग जोरात, पण जमीन न सोडता धावून बघायचं होतं. पहिल्या फेऱ्या झकास झाल्या. मग काकूंनी पूर्ण जोर दिला, विमान सुसाट सुटलं आणि मैदानाच्या टोकाशी इंजिनाला ठसका लागला. खक्, खक्, आणि गप्प.

काकू उतरून आल्या. रागावलेल्या नव्हत्या, बस बंद पडल्यावर प्रवाशांशी बोलतात त्याच सुरात म्हणाल्या, "हे वर झालं असतं तर मी आता झाडावर असते. का होतंय ते तुम्ही शोधा. तुम्ही 'आता जा' म्हणालात की मी जाईन. दुसऱ्या कुणाला विचारणार नाही."

त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तरी काकांना परवडलं असतं.

काकांनी गाळणी धुतली, कार्ब्युरेटर खोलला, एकेक सांधा बोटाने चाचपला. सगळं लख्ख. वॉशरसुद्धा बदलून बघितले! उभ्या विमानात इंजिन कितीही गुरगुरलं तरी ठसका नाही. धावलं की ठसका. धावण्यात असं काय आहे? काकांना त्या प्रश्नाने झपाटलं. भीती होतीच, पण तिच्या खांद्यावर चढून कुतूहल पुढे बघत होतं. एका बाईंनी बेसिन तुंबल्याची तक्रार केली, तर काकांनी विचारलं, "एका जागी उभं असतानाच तुंबतं ना?" बाईंनी दुसरा प्लंबर बोलावला.

उत्तराचं टोक सापडलं ते काकूंच्या बसमध्ये. काका कामावर निघाले होते. शेजारच्या खिडकीचा पडदा वाऱ्यावर बाहेर फडफडत होता. काकांनी तो आत ओढला. पुन्हा बाहेर. पुन्हा आत ओढला. मागच्या सीटवरचा माणूस म्हणाला, "काका, तो तुमच्या घरचा आहे का?"

"अहो, पण वारा बाहेर आहे ना? मग पडदा आत यायला हवा. बाहेर कोण ओढतंय त्याला?"

मागचा माणूस जागा बदलून बसला. काका मात्र उतरायचा थांबा विसरून डेपोपर्यंत गेले.

रविवारी तिघं गाडी घेऊन क्लबाच्या मैदानावर. काकू स्टिअरिंगवर, सासूबाई मागे. काकांच्या मांडीवर एक पारदर्शक नळी, पाळण्यासारखी वाकवलेली, तिच्यात लाल पाणी. तिच्या एका टोकाला टाकीवर होती तशीच वाकडी नळी जोडून काकांनी ती खिडकीबाहेर धरली होती, तोंड मागे करून.

"हाण," काका म्हणाले.

"नवऱ्याने बायकोला असं सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकतेय," सासूबाई म्हणाल्या.

गाडीने वेग घेतला आणि पाळण्यातलं पाणी हळूहळू बाहेरच्या नळीकडे चढू लागलं. एक बोट, दोन बोटं. मग काकांनी नळीचं तोंड वाऱ्याला सामोरं फिरवलं. पाणी झपकन उलट्या बाजूला गेलं.

"सापडलं!" काका एवढ्या जोरात ओरडले की लाल पाणी त्यांच्या विजारीवर सांडलं. "अगं, वारा टाकीतली हवा शोषून घेतोय! पेट्रोल खाली जायला बघतंय आणि वारा त्याला शर्ट धरून मागे खेचतोय. घराच्या टाकीवर ठीक आहे. घर कुठे धावतंय?"

"एवढ्यासाठी माझी सीट रंगवलीत?" काकू म्हणाल्या, पण हसत होत्या.

काकांनी दोन्ही नळ्यांची तोंडं पुढे केली. आता वारा पेट्रोलला खालीच ढकलणार होता, तरी काकांना ते जड गेलं. पावसाकडे तोंड करून नळी बसवणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने धर्मभ्रष्ट होणंच. एखादा किडा अडकून पुढचं तोंड बुजलं तर टाकी कोंडेल, म्हणून मागच्या बाजूने एक बारीक भोकही पाडलं. मग नाक वर करून धार मोजली, आणि काकूंना पूर्ण जोराने पुन्हा पुन्हा धावायला लावलं. पेट्रोल भरपूर असताना, मग अगदी तळाशी आलेलं असताना. ठसका नाही. काकू वाट बघत होत्या. काकांनी टाक्या भरल्या, झाकणं तपासली, परत तपासली आणि शेवटी म्हणाले, "आता जा."

विमान धावलं, उचललं गेलं, झाडांवरून वळलं. काका बघत नव्हते, भिंतीला कान लावावा तसे आवाज ऐकत होते. आवाज बारीक होत गेला आणि मग नाहीसा झाला.

सासूबाईंनी त्यांचं मनगट घट्ट पकडलं. "बंद पडलं?"

"लांब गेलंय, आई."

"नक्की?"

काकांनी मोकळा हात कानामागे धरला. मग झाडांमागून पुन्हा ती गुणगुण आली, वाढत वाढत डोक्यावरून गेली, आणि सासूबाईंनी मनगट सोडलं तेव्हा त्यावर त्यांची बोटं उमटलेली होती.

काकू उतरल्या. केस विस्कटलेले, डोळे लकाकत होते. काका पुढे झाले, काहीतरी गोड ऐकायच्या तयारीने.

"अहो," काकू म्हणाल्या, "वर गेल्यावर डावी टाकी उजवीपेक्षा लवकर उतरतेय. नळ्या तर दोन्ही सारख्या आहेत. असं का होत असेल?"

"सारख्या?" काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला की विचारू नका. "थांब, शिडी आणतो."

"आधी तिला पाणी तरी द्या!" सासूबाई ओरडल्या. पण काका अर्ध्या मैदानापर्यंत पोचले होते, आणि मागोमाग काकूही.