तिच्याच नावानं

चौसाळ्यात पहिलं नेट कॅफे निघालं, ते चालवणारी बाई सतत बडीशेप चघळायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दार लोटून आम्हा बायकांना बसवायची. इंटरनेटवर फक्त बायकांचा एक ग्रुप होता. आम्हाला टायपिंग येत नव्हतं. आम्ही सांगायचो, ती आमच्याकडं न बघता टाइप करायची.

नवरा जवळ आला की मला फार दुखायचं. हे आईलाही सांगितलं नव्हतं.

"माझं नाव नका टाकू," मी म्हटलं.

"माजंच टाकते की. समद्याजणींचं माज्याच नावानं जातंय. कावून घाबरता?"

आठवड्यात चार अनोळखी बायकांची उत्तरं आली. यावर इलाज असतो, हे तेव्हा कळलं.

त्या ग्रुपमधल्या बायका अजून हळहळत असतील, चौसाळ्याच्या त्या एकटीला किती सोसावं लागलं म्हणून.