डायपर कोणाच्या सोयीसाठी?

मंडळी, आज सौंसरला नणंदेच्या घरी साक्षगंध (साखरपुडा) होते. परत येऊन बराच वेळ झाला, तरी राग उतरलेला नाही.

माझी पाच वर्षांची ईरा स्वमग्न आहे. ती बोलत नाही. लघवी लागली की संडासाचे चित्र समोरच्याच्या हातात देते. एवढे शिकायला तिने फार कष्ट घेतले.

मी कामात असताना नणंदेने, मला न विचारता, तिला डायपर घातला. थोड्या वेळाने मी ताट घेऊन आले, तेव्हा ईरा आत्याच्या हातात चित्र ठेवत होती.

"कर ना माय त्यातच, कोण पाहून राह्यलं तुले?" आत्या म्हणाली.

"ताई, ती सांगून राह्यली ना तुम्हाले."

"ज्योती, नवीन सोयरे बसले. गादी ओली झाली असती, तं कोणाची नाचक्की झाली असती?"

आम्ही बोलेपर्यंत ईराने त्यातच केले; मी डायपर काढून टाकला. पांढुर्ण्याला घरी आल्यावर ईराने चित्राला हातही लावला नाही. उभ्याउभ्याच कपडे ओले केले.

याला लोक 'मूल विसरले' म्हणतात. ती विसरलेली नाही. सांगून उपयोग नसतो, हे आज तिला मोठ्यांनी शिकवले आहे. आता हे तिच्या मनातून कसे काढायचे, ते मला सांगा.