शनिवारची ओळ

पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या आमच्या खोल्यांच्या वेबसाइटवर रोज एक नवा माणूस येतो, हे मी चौलातल्या निदान दहाजणांना सांगून मोकळा झालो होतो. केस कापायला गेलो तिथे सांगितलं, देवळाच्या पारावर सांगितलं, बँकेत रांगेत उभा होतो तर मागच्या अनोळखी बाईंनाही सांगितलं. सलग एकवीस दिवस, सकाळी सहाच्या सुमारास, तो यायचा. दोन्ही खोल्यांचे फोटो नीट बघायचा, झोपाळ्याचा फोटो दोनदा बघायचा आणि निघून जायचा. एकविसाव्या दिवशी पुण्याहून मुलीचा फोन आला, तेव्हा मी हे तिलाही कौतुकानं ऐकवलं.

"बाबा, सकाळी सहाला तुम्ही काय करता?"

सकाळी सहाला मी चहा पीत पीत आमची वेबसाइट बघतो.

हा घोळ झाला त्याला थोडं मुलीचं आणि थोडं बायकोचं तत्त्व कारणीभूत आहे, असं मी आजही म्हणतो. पूर्वी आमच्या वेबसाइटवर कुकी होती. कुकी म्हणजे काय ते मुलीनं मला तीनदा समजावलं, आणि तिसऱ्यांदा मी समजलं म्हणालो. आपल्याकडे कोणी आलं की त्याच्या नकळत खिशात एक चिठ्ठी सरकवायची, आणि पुढच्या खेपेला ती चिठ्ठी वाचून म्हणायचं, या, गेल्या मंगळवारी आला होतात, झोपाळा बघत होतात. हे करायचं तर आधी परवानगी मागायला हवी, म्हणून वेबसाइट उघडताच अर्धा पडदा झाकणारी एक चौकट पुढे यायची. ती बघून बरीच माणसं दारातूनच परतत असणार, असा मुलीचा अंदाज. बायकोनं हे ऐकलं तेव्हा ती पीठ चाळत होती.

"घरी आलेल्या माणसाच्या खिशात हात घालायचा? काढून टाक ते," एवढंच ती म्हणाली.

मुलीनं कुकी काढली आणि तिच्या जागी दुसरी मोजणी बसवली. ही मोजणी कोणाला ओळखत नाही. कुठलं पान किती वेळा उघडलं, माणसं कुठपर्यंत वाचत गेली, एवढं टिपून ठेवते, आणि दिवस संपला की कोण आलं होतं ते विसरून जाते. त्यामुळे रोज सकाळी मी तिच्या लेखी कोरा करकरीत नवा माणूस असायचो. चोपन्नाव्या वर्षी असा मान दुसऱ्या कोणी दिलेला मला आठवत नाही. मुलीनं आमच्या घरचं इंटरनेट मोजणीतून वगळलं, आणि दुसऱ्या दिवशी आकडा शून्यावर आला. तो मात्र खरा होता.

हसण्यावारी नेण्यासारखं हे नव्हतं. कारखान्यातल्या स्टोअरची नोकरी मुदतीआधी सोडून मी सुपारीच्या वाडीत मागच्या बाजूला या दोन खोल्या बांधल्या होत्या. खोल्या छान होत्या, फक्त त्यांत कोणी राहत नव्हतं. किनाऱ्यावरच्या अशा खोल्या वर्षभरासाठी चालवायला घेणारी एक कंपनी होती, तिचा करार येऊन पडला होता. खोल्यांना रंग त्यांचा, पाटी त्यांची, पाहुणे त्यांचे, आणि जेवण त्यांच्या स्वयंपाकघरातून डब्यात बंद होऊन येणार. दिवाळीआधी हो की नाही ते कळवायचं होतं. बायकोनं करार चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"म्हणजे मी काय करायचं? चादरी मोजायच्या?"

मी म्हणालो, तोवर माणसं आली तर करार नको. ती म्हणाली, आणा मग माणसं. खोल्या बांधायचं डोकं माझं असलं, तरी त्या चालल्या तर तिच्या हातच्या जेवणावर चालणार होत्या, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्या जेवणाला तिच्याच घरात डब्याचं झाकण लागायची पाळी आली होती.

मग मी आणि मुलीनं माणसं कुठून येतात ते शोधायला घेतलं. कोण येतं ते नाही, कुठल्या वाटेनं येतं तेवढंच. तिनं वेबसाइटच्या पत्त्याला तीन वेगवेगळी शेपटं लावून तीन पत्ते केले. एक मी व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवला. दुसरा चौकोनी ठिपक्यांच्या चित्रात घालून रेवदंड्याच्या नाक्यावरच्या पाटीवर लावला. तिसरा तसाच कागदावर छापून काशीदला शहाळी विकणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या गाडीवर चिकटवला. गणपती उठले आणि आकडे हलायला लागले. नाक्यावरून थोडे आले. शहाळ्याच्या गाडीवरून भरपूर आले. माझ्या दोनशे नातेवाइकांनी मला दोनशे वेळा हात जोडलेले पाठवले, आणि त्यांतलं एकही वेबसाइटवर फिरकलं नाही.

"तुमच्यापेक्षा शहाळंवाल्याची वट जास्त आहे," बायको म्हणाली.

माणसं येत होती, पण खोली मागत नव्हती. सगळी जेवणाच्या पानावर जायची आणि तिथून नाहीशी व्हायची. एका रविवारी मुलगी घरी आली होती. वाडीतल्या झोपाळ्यावर बसून तिनं मला फोनवर एक चित्र दाखवलं. जेवणाचं पान होतं आणि त्यावर रंग चढवलेला होता. माणसं जिथवर वाचत होती तिथवर लालभडक, पुढे वाचेनाशी झाली की फिकट. सुरमईचं कालवण लाल, भरलं पापलेट लाल, सोलकढी लाल. आणि एका ओळीशी तो लाल रंग सुरीनं कापल्यासारखा संपत होता. ती ओळ होती, "शनिवारी आमच्याकडे मासे होत नाहीत."

मुंबईची, ठाण्याची, पुण्याची माणसं आमच्याकडे येणार कधी, तर शनिवारी.

मुलीनं फोन खिशात टाकला. मग मुलगी म्हणाली, "आईला तुम्ही सांगा बाबा. मला उद्या सकाळची गाडी आहे."

तो शनिवार माझ्यामुळे आहे. काही वर्षांपूर्वी तापानं मी अलिबागला दवाखान्यात आठ दिवस बेशुद्धीच्या काठावर होतो. त्या आठ दिवसांत बायको मारुतीला बोलली, की माणूस घरी येऊ दे, माझ्या चुलीवर शनिवारी मासा चढणार नाही. मी बरा झालो आणि घरातला शनिवार कायमचा पथ्यावर गेला. रेवदंड्याहून माशांची पाटी घेऊन येणारी कोळीणमावशी शनिवारी आमच्या फाटकाशी थांबतसुद्धा नाही. "आज तुमच्याकडं मारुतीचं राज्य हाय," म्हणते आणि पुढे जाते.

आता हे बायकोला कसं सांगायचं, की तू माझ्या जिवासाठी जे बोललीस त्या ओळीवरून गिऱ्हाईक परत जातंय? तीन दिवस मी शब्द जुळवले. तिच्या मागे मागे फिरलो, नारळ सोलून दिले, न सांगता विहिरीवरचा पंप दुरुस्त केला.

"काही हवंय का तुम्हाला?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो, आणि चौथ्या दिवशी गुपचूप ती ओळ पुसून टाकली.

पुसायला फार काही लागत नाही. एक बोट पुरतं. आठवड्याभरात लाल रंग पानाच्या तळापर्यंत पोचला, आणि ठाण्याच्या एका कुटुंबानं येत्या शनिवारची खोली मागितली. आमच्या अर्जात मुलीनं शेवटी एक साधा प्रश्न घातला होता, आमच्याकडे का यावंसं वाटलं? तिचं म्हणणं, पाळत ठेवण्यापेक्षा विचारलेलं बरं, ज्याला सांगायचं तो सांगतो. ठाण्याच्या माणसानं लिहिलं होतं, "वडिलांचं तीन महिन्यांचं पथ्य संपलं आहे. त्यांना किनाऱ्यावरचा ताजा मासा खायचा आहे."

मी ते वाचलं. दोनदा वाचलं. बायकोला एवढंच सांगितलं, की शनिवारी तीन माणसं आहेत. तिचा चेहरा उजळला. शुक्रवारी तिनं वाल सोलले, केळफूल निवडून ठेवलं. मी मनाशी म्हणालो, एकदा तिच्या हातचं बिरडं पानात पडलं की कोणाला मासा आठवतोय.

शनिवारी अकराला गाडी आली. नवरा, बायको आणि त्याचे वडील. वडील सत्तरीचे, सदरा अंगावर दोन मापं मोठा झालेला. खोली बघायच्या आधी ते फाटकाशीच उभे राहिले, वारा घेत. तेवढ्यात रस्त्यानं कोळीणमावशी चालली होती.

"काय आहे गं आज पाटीत?" त्यांनी विचारलं.

"सुरमई हाय, बांगडा हाय. पण तुम्हाला काय उपेग? या घरात आज न्हाय चालत."

"का गं?"

"शनिवार न्हाय का. सगळ्या गावाला ठावं हाय."

म्हातारबाबांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी सुपारीच्या शेंड्याकडे बघितलं. आवाज ऐकून माझी बायको पदराला हात पुसत बाहेर आली होती.

"वेबसाइटवर लिहिलंय तसं आम्ही," ती पाहुण्यांना म्हणाली. "जेवणाच्या पानावर, खाली."

त्यांच्या मुलानं खिशातून फोन काढला, पान उघडलं, बोटानं वर वर सारत गेला आणि फोन तिच्यासमोर धरला. "काकू, मी मुद्दाम नीट वाचून आलो होतो. बघा तुम्ही."

तिनं पान तळापर्यंत वाचलं. फोन परत दिला. माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

"चूक आमची आहे," ती त्या म्हाताऱ्या गृहस्थांना म्हणाली. "माझ्या चुलीवर आज मासा नाही चढणार, पण तुम्ही उपाशी मन घेऊन जायचं नाही. रेवदंड्याला एक खानावळ आहे, ती बाई चांगलं करते. हे नेतील तुम्हाला."

हे म्हणजे मी. मी नेलं. म्हातारबाबा सुरमईची तुकडी काटा न् काटा वेगळा करत, डोळे मिटून, सावकाश जेवले. मी समोर सोलकढी पीत बसलो होतो.

"तुम्ही नाही घेत?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडे शनिवार असतो," मी म्हणालो.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठीच."

त्यांनी मान हलवली. येताना गाडीत म्हणाले, रात्री तुमच्याकडे काय असेल ते चालेल. रात्री त्यांनी बिरडं दोनदा वाढून घेतलं, पण तेवढ्यानं माझं पाप फिटत नव्हतं.

रविवारी दुपारी पाहुणे गेले. बायको खोलीतल्या चादरी काढत होती. मी दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. तो लाल रंग, सुरीनं कापल्यासारखी ओळ, माणसं तिथूनच कशी परत जातात, मी ती का पुसली. कराराचं उत्तर द्यायला आठ दिवस उरलेत, हेही सांगितलं. ती ऐकत ऐकत चादरीची घडी घालत होती. घडी झाली, परत उलगडली, परत घातली.

"म्हणजे माझ्या शनिवारामुळे खोल्या रिकाम्या," ती म्हणाली.

"तसं नाही," मी म्हणालो.

"तसंच आहे. चित्रात दिसतंय म्हणता ना?"

तिनं चादर खांद्यावर टाकली आणि माझ्या बाजूनं दाराबाहेर पडली. विहिरीपाशी पोचल्यावर थांबली आणि मागे न बघता बोलली, वाडीतल्या सुपाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"मी तुम्हाला मागून घेतलं होतं, खोल्यांना नाही. ती ओळ परत टाका, आणि तळाशी नको, पहिली टाका, म्हणजे जायचंय त्याला लवकर जाता येईल. तिच्याखाली वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, तांदळाची भाकरी, मी सांगते तसं लिहा. त्या कंपनीला नाही म्हणून आजच कळवा. आणि पुढच्या वेळी काही पुसायचं झालं तर मला विचारा, मी घरातच असते."