टेम्पोवरून टाकलेला कॅन

माझी पहिली नोकरी कागलच्या एमआयडीसीत, दुधाचे ॲल्युमिनियमचे कॅन बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात होती. हुपरीहून बसने जायची. डिझाइनच्या खोलीत आम्ही दोघंच, मी आणि निवृत्तीला आलेले सर. मालकांना कॅनचा पत्रा पातळ करायचा होता. पण रिकामे कॅन टेम्पोवरून सर्रास खाली टाकतात. पातळ पत्रा त्यात टिकेल का, हे आधी कॉम्प्युटरवर बघायचं काम माझ्याकडे आलं.

मी पडद्यावरच्या कॅनवर बारीक चौकोनांची जाळी बसवली, कॅन टेम्पोच्या उंचीवर ठेवला आणि सोडून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारीही तो हवेतच होता.

"सर, कालपासनं लावलंय, अजून खाली टेकला न्हाय."

सर खुर्ची ओढून शेजारी बसले. "हवेत त्याला काय हुतंय? काय बी न्हाय. मग ते बघत कशाला बसायचं?" कागदावर दोन ओळींचं गणित करून त्यांनी टेकतानाचा वेग काढला. "फरशीच्या केसभर वर ठेव आणि एवढा वेग दे. आपल्याला आपटल्यावरचं बघायचंय की."

तरीही गणित संपेना. कॉम्प्युटर काळाची इवली इवली पावलं टाकत पुढं जातो आणि पाऊल केवढं, हे जाळीतला सगळ्यात बारका चौकोन ठरवतो, एवढं मी शिकले होते. धातू जड केला की पाऊल मोठं पडतं, हेही. म्हणून गुपचूप वजन वाढवलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. पडद्यावरचा चेपलेला कॅन बघून सर मोठ्यानं हसले.

"शिशाचा केलीस व्हय ग?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर रागावले मात्र नाहीत. वजन पहिल्यासारखं करायला लावलं आणि आम्ही दोघांनी सगळी जाळी डोळ्यांखालून घातली. धरायच्या कडीजवळच्या गोलाईत चार अगदी चिमुकले चौकोन अडकले होते. त्या चौघांपायी अख्खा कॅन रखडला होता. आपटणार होता तळ, कडी नव्हे. ती गोलाई आम्ही साधी केली. चहा पिऊन येईतो उत्तर तयार.

मग खरा कॅन टाकायचा ठरला. सर स्वतः टेम्पोवर चढले.

"सर, हळू!"

"हळू टाकून कसं चालंल?"

तळाच्या कडेला पोचा पडला, पडद्यावरच्यापेक्षा दोन बोटं वर. सर उकिडवे बसून त्यावरून अंगठा फिरवत राहिले. "जमलंय की," म्हणाले. तळाचा पत्रा जाडच राहिला, बाकीचा पातळ झाला.

सर आता पन्हाळ्याखालच्या आपल्या गावी असतात. मध्ये फोन आला, तेव्हा त्यांनी पहिलं हेच विचारलं, "आता किती वेळ लागतोय कॅन पडायला?"

"पाच मिनिटं, सर."

"मग उरलेला दिवस काय करतीस?"

मी हसले. त्या खोलीत वाट बघत काढलेल्या दुपारी आठवल्या.